आहार आणि रक्ताचा सामू



धारवाड जिल्ह्यातील शेतकऱ्याला 'सामू' हा शब्द नवा नाही. माती तपासून आली की तिच्या पत्रिकेवर हा आकडा लिहिलेला असतो. नवलगुंद, अण्णिगेरीकडील काळ्या जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास भरतो. पश्चिमेस कलघटगी, अळणावरकडील तांबड्या जमिनीचा सामू त्याहून कमी, काही ठिकाणी सातच्याही खाली असतो. सात हा मध्यबिंदू होय. त्याच्या खाली गेलेली वस्तू आम्ल, वर गेलेली अल्क. आम्लाचा गुण मारणारे ते अल्क. चुन्याची निवळी, पापडखार, खाण्याचा सोडा ही त्याची घरगुती उदाहरणे. जमीन अति आम्ल झाली तर चुना टाकावा, चोपण झाली तर जिप्सम घालावे, हे ज्ञान आता खेडोपाडी पोचले आहे.

परंतु गेल्या काही वर्षांत हाच विचार जमिनीवरून उचलून माणसाच्या देहाला लावण्यात येत आहे. घरोघरी भ्रमणध्वनीवरून तक्ते येतात. एका बाजूस 'आम्लकारक' पदार्थ, दुसऱ्या बाजूस 'अल्ककारक' पदार्थ. सोबत सांगितलेले असते की, धान्य, डाळी, दूध व अंडी यांनी रक्त आम्ल होते. आम्ल रक्तातून सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत सर्व व्याधी उद्भवतात. सबब हे पदार्थ सोडावेत आणि अल्कयुक्त पाणी प्यावे. असे पाणी तयार करणारी महागडी यंत्रेही विक्रीस असतात. सांगणारा आत्मविश्वासाने सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते पटते. कारण जमिनीच्या बाबतीत त्याने तेच अनुभवलेले असते.

तेव्हा मूळ प्रश्न असा की, माणसाचे शरीर शेतजमिनीसारखे वागते काय? जे वर टाकावे त्याप्रमाणे त्याचा सामू पालटतो काय? या प्रश्नाचे उत्तर नीट समजावून घेणे अगत्याचे आहे. कारण या तक्त्यांच्या नादी लागून कोणी मुलांच्या ताटातील डाळ काढून घेतो, तर कोणी चालू असलेले औषध बंद करतो.

रक्ताचा सामू किती?

सामू मोजण्याची आजची पद्धत कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सेन यांनी १९०९ साली घालून दिली. या मोजपट्टीचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे लागते. सामू एका अंकाने खाली आला म्हणजे आम्लता दहापट वाढली असे समजावयाचे. म्हणून सामूतील लहानसा फरकही प्रत्यक्षात मोठा असतो.

निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या मर्यादेत असतो. म्हणजे रक्त हे मुळातच किंचित अल्क आहे. ही मर्यादा किती अरुंद आहे पाहा. सामू ७.४ वरून ७.१ वर आला तर रक्तातील आम्लता दुप्पट होते आणि रुग्णाची प्रकृती गंभीर समजली जाते. तो ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर जगणे बहुधा अशक्य होते. उलट शेतजमिनीचा सामू सहा असो वा साडेआठ, तीत काही ना काही पीक उभे राहते.

आता विचार करावा. एखाद्या गृहस्थाने दुपारी भात-आमटी खाल्ली आणि त्यायोगे त्याचे रक्त आम्ल झाले असते, तर जेवणाची प्रत्येक पंगत ही जिवावरची गोष्ट ठरली असती. तसे होत नाही. याचे कारण हे की, रक्ताला राखणदार आहेत. जमिनीला ते नाहीत.

तीन राखणदार

पहिला राखणदार रक्तातच असतो. खाण्याच्या सोड्यातील जो अल्क घटक, तोच बायकार्बोनेट या रूपाने रक्तात सदैव विरघळलेला असतो. त्याच्या जोडीस रक्तातील तांबडे द्रव्य व इतर प्रथिने असतात. आम्लाचा अंश रक्तात शिरताच हे घटक त्याला तत्काळ धरून ठेवतात.

दुसरा राखणदार म्हणजे फुप्फुसे. शरीरात अन्नाचे ज्वलन होऊन कर्बवायू तयार होतो. पाण्यात मिसळल्यावर तो आम्लाप्रमाणे वागतो. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी असा सुमारे १५,००० मिलिमोल वायू तयार होतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. रक्तात आम्लता वाढू लागली की मेंदूतील केंद्रास त्याची जाणीव होते, श्वास जलद व खोल होतो आणि काही मिनिटांतच समतोल पूर्वपदावर येऊ लागतो.

तिसरा राखणदार मूत्रपिंडे. त्यांचे काम सावकाश, तास आणि दिवसांच्या गतीने चालते. पण शेवटचा हिशेब तीच पुरा करतात. दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील जवळजवळ सर्व पाणी व बायकार्बोनेट परत रक्तात घेतले जाते आणि शिल्लक आम्ल लघवीवाटे टाकून दिले जाते. नेहमीच्या आहारातून निर्माण होणारे असे आम्ल दिवसाला साधारण ५० ते १०० मिलिमोल असते. फुप्फुसे जो भार दररोज निमूटपणे वाहतात, त्याच्या तुलनेने अन्नाचा हा भार शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे.

या तीन राखणदारांमुळे निरोगी माणसाने ज्वारी खाल्ली काय किंवा पालक खाल्ला काय, त्याच्या रक्ताचा सामू आपली मर्यादा सोडीत नाही.

तक्ते आले कोठून?

मग हे तक्ते सर्वस्वी निराधार आहेत काय? तसेही नाही. त्यांच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे. गेल्या शतकाच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने बाजारातून आणलेल्या सशांची लघवी तपासली. गवत खाणाऱ्या सशाची लघवी गढूळ व अल्क असते. या सशांची मात्र स्वच्छ व आम्ल आढळली. ससे उपाशी असावेत आणि स्वतःच्या देहातील मांसावर गुजराण करीत असावेत, असा तर्क बेर्नारने केला. त्यांना गवत घालताच लघवी पुन्हा अल्क झाली. उकडलेले मांस खाऊ घालताच आम्ल झाली. तर्क खरा ठरला. आहाराप्रमाणे लघवीचा गुणधर्म पालटतो, हे सिद्ध झाले.

पुढे अन्नपदार्थ जाळून त्यांच्या राखेतील क्षारांचे मापन सुरू झाले. प्रथिनांत गंधक असते, त्यापासून शरीरात आम्ल तयार होते. भाज्या व फळे यांत पोटॅशियमचे सेंद्रिय क्षार असतात, त्यांचे ज्वलन झाल्यावर अल्क उरते. अमेरिकेत शर्मन व गेटलर यांनी १९१२ साली अशा मापनांवर आधारलेली माहिती प्रसिद्ध केली. जर्मनीत रेमर व मान्झ यांनी १९९५ साली १०० ग्रॅम पदार्थामागे मूत्रपिंडांवर किती आम्लाचा भार पडतो याचे कोष्टक तयार केले. त्यात पालकाला उणे १४, मनुकांना उणे २१, लिंबाच्या रसाला उणे २.५ असे अंक आहेत. उणे म्हणजे आम्लाचा भार कमी करणारे. जिभेला आंबट लागणारे लिंबू या हिशेबाने अल्ककारक ठरते ते यामुळे. त्यातील आम्ल शरीरात जळून जाते, मागे क्षार उरतो.

येथवर सर्व शास्त्रशुद्ध आहे. चूक पुढे झाली. जे लघवीत दिसले ते रक्तातही घडते, असे परस्पर गृहीत धरण्यात आले. लघवीचा सामू ४.५ पासून ८ पर्यंत सहज खालीवर होतो, आणि तो तसा होतो म्हणूनच रक्ताचा सामू स्थिर राहतो. घराच्या मोरीतून गढूळ पाणी वाहताना दिसले तर घर घाण झाले असे कोणी म्हणत नाही. घर धुतले जात आहे असे म्हणतात. चाचणीची पट्टी लघवीत बुडवून 'तुमचे शरीर आम्ल झाले' असे सांगणारा माणूस मोरीचे पाणी पाहून घराची परीक्षा करीत असतो.

तक्ता ताटाला लावला तर

हुबळी-धारवाड परिसरातील रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, मुगाची वा मटकीची उसळ, भरली वांगी, कांदा, शेंगांची किंवा जवसाची चटणी, आणि वाटीभर ताक. मराठी घर असो वा कानडी, ताटाची मांडणी बहुतांशी हीच. वर सांगितलेला तक्ता या ताटाला लावला तर काय होईल? ज्वारी आम्लकारक, तांदूळ आम्लकारक, गहू आम्लकारक, डाळी थोड्याबहुत आम्लकारक, अंडे व मासळी तर अधिकच आम्लकारक. उरतील कांदा, वांगी आणि पालेभाजी!

कष्टकऱ्याच्या घरात या उपदेशाचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको. ज्वारी ही तंतुमय पदार्थ, लोह व उष्मांक पुरविते. डाळी हाच शाकाहारी कुटुंबाच्या प्रथिनांचा मुख्य आधार. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले, ते ज्वारी-बाजरी-नाचणीसारख्या धान्यांचे हे मोल ओळखूनच. धारवाड येथे १९७४ साली स्थापन झालेले आणि पुढे धारवाड कृषी विद्यापीठाचा भाग बनलेले ग्रामीण गृहविज्ञान महाविद्यालयही या धान्यांच्या पोषणमूल्यांवर काम करीत आले आहे. कर्नाटकातील शाळांतून विद्यार्थ्यांना अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याची योजना आहे. वाढत्या वयाच्या मुलाच्या हातातील अंडे 'आम्लकारक' म्हणून काढून घेणे म्हणजे तक्त्यासाठी मुलाला उपाशी ठेवणे होय.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत अधिक विश्वसनीय आहेत. दिवसाला २००० किलोकॅलरीची गरज असलेल्या माणसाच्या ताटासाठी तेथे सुमारे २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम तेलबिया व सुका मेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण दिले आहे. या ताटातून काहीही वगळलेले नाही. मात्र त्यात भाज्या व फळे मिळून अर्धा किलो भरतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. धान्य सोडण्याची गरज नाही. भाजी वाढविण्याची आहे.

निसर्गोपचाराच्या परंपरेतही भाज्या, फळे व साधे अन्न यांवर भर दिलेला आढळतो. महात्मा गांधींनी १९४६ साली पुणे जिल्ह्यातील उरळी कांचन येथे निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले, तेव्हा गोरगरिबांना परवडेल असे आरोग्य हीच त्यांची दृष्टी होती. तो उपदेश आजही हितकारकच आहे. तो रक्ताचा सामू बदलतो म्हणून नव्हे, तर भाज्यांतील पोटॅशियम, तंतू व जीवनसत्त्वे रक्तदाब, हृदय आणि आतडी यांना उपकारक ठरतात म्हणून.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला मराठी घरांत वांगी, गाजर, घेवडा, हरभरा, तीळ अशी सर्व मिळून भाजी होते आणि तिच्या जोडीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. पोषणशास्त्र याहून वेगळे ताट सांगत नाही. मेथी, शेपू, अंबाडी, तांदुळजा, राजगिरा या पालेभाज्या बाजारात स्वस्त असतात, तेव्हा त्या वर्षातील एका दिवसापुरत्या न ठेवता आठवड्यातून निदान चार दिवस ताटात आल्या पाहिजेत.

आम्लाचा भार कोठे महत्त्वाचा?

काही विशिष्ट रुग्णांच्या बाबतीत आहारातील आम्लाचा भार खरोखर महत्त्वाचा ठरतो. ज्यांची मूत्रपिंडे दीर्घकालीन आजाराने दुर्बल झाली आहेत, त्यांच्यात तिसरा राखणदारच थकलेला असतो. अशा रुग्णांवर अमेरिकेत गोराया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फळे व भाज्या वाढविल्याने रक्तातील आम्लता सुधारल्याचे आढळले. तरीही येथे मोठी सावधगिरी हवी. अशाच रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. त्यांनी कोणती भाजी किती खावी, ती उकळून पाणी काढून टाकून खावी काय, हे रक्ततपासणी करून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून रोज सकाळी पालकाचा पेलाभर कच्चा रस पिणे हे तर निरोगी माणसालाही श्रेयस्कर नाही. पालकातील ऑक्झलेटमुळे मुतखडा होऊ शकतो आणि अतिरेक झाल्यास मूत्रपिंडांना इजा पोचते.

आम्ल आहाराने हाडांतील कॅल्शियम झिजते, असेही पुष्कळदा सांगितले जाते. कॅनडातील फेंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या विषयावरील उपलब्ध संशोधनाचा साकल्याने आढावा घेतला. तेव्हा आहारातील आम्लामुळे हाडे ठिसूळ होतात, या मतास पुरेसा आधार आढळला नाही. हाडांसाठी दूध-दही, नाचणी, प्रथिने, अंगमेहनत आणि अंगावर घेतलेले ऊन हीच जुनी साधने खरी.

कर्करोगाविषयीचा दावा सर्वांत घातक आहे. फेंटन व हुआंग यांनी २०१६ साली आम्ल आहार, अल्क पाणी व कर्करोग यांच्या संबंधावरील संशोधन चाळले. निकषांस उतरणारा केवळ एकच अभ्यास मिळाला आणि त्यातही दाव्याला पुष्टी मिळाली नाही. कर्करोगाची गाठ स्वतःभोवती आम्लता निर्माण करते, हे खरे. परंतु अन्न किंवा पाणी बदलून ती घालविता येत नाही. हुबळीत नवनगर येथे कर्करोगावर उपचार करणारे रुग्णालय आहे. गाठ लहान असताना तेथे पोचलेला रुग्ण आणि सहा महिने अल्क पाणी पिऊन मग पोचलेला रुग्ण, यांच्या नशिबात फार अंतर पडते.

अल्क पाण्याचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. जठरातील पाचक रसाचा सामू साधारणतः १.५ ते ३.५ असतो. पाण्यातील इतर क्षार बाजूस ठेवले, तर सामू ९ असलेल्या एक लिटर पाण्याची अल्कता मारण्यास सामू २ असलेला एक मिलिलिटर जठररस पुरतो. हजारो रुपयांचे यंत्र एका चमचाभर रसापुढे निष्प्रभ ठरते. मलप्रभेचे नळाचे पाणी निर्जंतुक आहे किंवा नाही, साठविण्याची भांडी झाकलेली आहेत किंवा नाहीत, याकडे तेच लक्ष व तोच पैसा वळविल्यास कुटुंबाचे अधिक कल्याण होईल.

पित्त आणि खाण्याचा सोडा

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले की लोक 'पित्त झाले' असे म्हणतात आणि शरीरात आम्ल वाढले असे समजतात. वास्तविक जठरात आम्ल असणे हे स्वाभाविक आहे. ते अन्न पचविते, रोगजंतू मारते. जळजळ होते ती हे आम्ल अन्ननलिकेत वर चढल्याने किंवा जठराच्या अस्तरास इजा झाल्याने. रक्ताच्या सामूशी त्याचा संबंध नाही.

हुबळीच्या दुर्गदबैल भागात किंवा धारवाडच्या बाजारात संध्याकाळी मिरची-भजी व गिरमिट खाणाऱ्यांची गर्दी असते. अशा वेळी रात्री पाण्यात चमचाभर सोडा घालून पिण्याची पुष्कळांना सवय असते. एका चहाच्या चमच्यातील खाण्याच्या सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमहून कमी सांगितली आहे. म्हणजे एका पेल्यातच निम्म्याहून अधिक हिस्सा संपला. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ही सवय महागात पडते. जळजळ वारंवार होत असेल, गिळताना त्रास होत असेल, वजन घटत असेल किंवा शौचास काळे होत असेल, तर सोडा न घेता डॉक्टरांकडे जावे.

समतोल खरोखर ढळतो तेव्हा

रक्ताचा सामू आहाराने ढळत नसला, तरी आजाराने ढळतो. आणि ही गोष्ट गावोगाव माहीत असावयास हवी.

लहान मुलाला जुलाब लागले की पाण्याबरोबर आतड्यातील बायकार्बोनेटही वाहून जाते. पहिला राखणदार दुबळा होतो. मूल मलूल होते, डोळे खोल जातात, श्वास जलद चालतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाची सलाईन अपुरी पडू लागली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात मिसळून ते रुग्णांना तोंडावाटे पाजण्याची व्यवस्था केली. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ साली निधन झाले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आज जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या पाकिटात सोड्याऐवजी सायट्रेट असते. शरीरात त्याचे बायकार्बोनेट होते. म्हणजे अल्क हे शत्रूही नव्हे व देवही नव्हे. योग्य रुग्णाला, योग्य प्रमाणात दिले तर ते प्राण वाचविते. जुलाब सुरू होताच एक लिटर स्वच्छ पाण्यात पाकीट पूर्ण विरघळवून मुलाला घोट घोट पाजावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. डॉक्टर वा आशा कार्यकर्ती यांच्याकडून जस्ताच्या गोळ्या मागून घ्याव्यात. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तात्पुरते काम भागते.

दुसरा प्रसंग मधुमेहाचा. इन्सुलिन अपुरे पडले की शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते आणि त्यातून निर्माण होणारी आम्ले इतकी वाढतात की तिन्ही राखणदार हतबल होतात. उलट्या, पोटदुखी, खूप तहान, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास आणि गुंगी ही त्याची लक्षणे. असा रुग्ण घरी ठेवण्याजोगा नसतो. लिंबूपाणी, सोडा किंवा काढा देण्यात वेळ न दवडता त्याला १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात न्यावे. १९५७ साली सुरू झालेले आणि 'किम्स' या नावाने लोकांस परिचित असलेले हुबळीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय दिवसरात्र उघडे असते. ज्या मधुमेही माणसाने 'अल्क आहार सुरू केला' म्हणून इन्सुलिन सोडले, त्याच्याच रक्तात खरे आम्ल साचते, हा या तक्त्यांचा सर्वांत मोठा विपर्यास आहे.

कर्तव्य कोणाचे?

शाळेतील विज्ञानशिक्षकांना या कामी पुष्कळ करता येण्यासारखे आहे. जास्वंदीच्या फुलांच्या किंवा हळदीच्या पाण्याने लिंबू, ताक, सोडा, साबण यांची परीक्षा मुलांकडून करवून घ्यावी. नंतर त्याच तासाला विचारावे की, पेल्यातील पाण्यात लिंबू पिळले की रंग बदलतो. मग माणसाने लिंबू खाल्ल्यावर रक्त का बदलत नाही? या एका प्रश्नातून मुलांना श्वासाचे व मूत्रपिंडांचे कार्य पुस्तकातील धड्याहून अधिक चांगले समजेल, आणि तेच उत्तर संध्याकाळी घरच्या मोठ्या माणसांपर्यंत पोचेल.

आरोग्य व ग्रामविकास खात्यांतील कर्मचाऱ्यांनी ग्रामसभा, महिला मंडळे, अंगणवाडी येथे अशा तक्त्यांविषयी विचारणा झाल्यास ती हसण्यावारी नेऊ नये. माणूस विचारतो, कारण त्याला आपल्या माणसांच्या प्रकृतीची काळजी असते. त्याला सांगावे की, भाजी वाढवा हे म्हणणे योग्य आहे, धान्य व डाळ सोडा हे म्हणणे अयोग्य आहे, आणि औषध बंद करा हे म्हणणे धोक्याचे आहे. ही तीन वाक्ये एवढी स्पष्ट झाली तरी पुष्कळ काम साधेल. रक्तदाब व रक्तातील साखर वर्षातून एकदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी, कारण मूत्रपिंडांचा नाश करणारे प्रमुख दोन आजार तेच आहेत. आणि रक्ताचा समतोल सांभाळणारी मूत्रपिंडेच होत.

शेतजमिनीचा सामू बिघडला तर शेतकरी चुना टाकतो, कारण जमीन स्वतः तो सावरू शकत नाही. माणसाच्या शरीराला निसर्गाने ती शक्ती दिलेली आहे. रक्तात चुना ओतण्याची आवश्यकता नाही; आवश्यकता आहे ती राखणदारांना सुदृढ ठेवण्याची. तंबाखू व धूर यांपासून फुप्फुसे जपावीत, रक्तदाब व मधुमेह यांपासून मूत्रपिंडे जपावीत, आणि ताटात भाकरीच्या शेजारी भाजीची वाटी आजच्याहून थोडी मोठी करावी. एवढे केले म्हणजे रक्ताच्या सामूची चिंता शरीर स्वतः वाहील.